खिळ्याजवळची जागा

(मुंबईत परळ-नायगावच्या बाजूचं एक जुनं चर्च. गाणारे उभे राहतात तो वरचा माळा. कॉनरॅड इथली क्वायर शिकवतो, कीबोर्ड वाजवतो. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाला.)

कॉनरॅड : कुजबुजू नको, नेटी. कुजबुजलं की घसा जास्त ओढला जातो. बोलायचं तर साधं बोल, हळू. नाहीतर लिहून दे.

ॲन्टोनेट : लिहूनच आणणार होते. चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. हे लिहून होत नाही, कॉनरॅड अंकल.

कॉनरॅड : मग बस आधी. माझ्याआधी येऊन उभीच आहेस. काय म्हणाले डॉक्टर?

ॲन्टोनेट : बाई आहेत. गुरुवारी नाकातून नळी घातली, तिच्या टोकाला कॅमेरा. दोन्ही स्वरतंतूंवर गाठी आहेत. डाव्या बाजूची जुनी आहे, घट्ट झालेली. ईस्टरनंतर ऑपरेशन. तोवर बोलणं कमीत कमी. गाण्याचं तर नावच काढायचं नाही.

कॉनरॅड : वाईट गाठ नाही ना गो?

ॲन्टोनेट : नाही. ताणून ताणून झालेली. हाताला घट्टा पडतो ना काम करून, तसा घशाला पडलाय.

कॉनरॅड : देवाची कृपा म्हणायची. आणि पडणारच की. साठ-साठ पोरं एका वर्गात, दिवसभर त्यांच्यावर ओरडायचं. मी बोललो होतो तुला, शाळेत जपून राहा.

ॲन्टोनेट : शाळेत दोन वर्षं झाली, माईक आहे. डॉक्टरांनीही पहिलं शाळेचंच विचारलं. मग विचारलं, गाता का. म्हटलं, चर्चच्या क्वायरमध्ये सोप्रानो गाते. त्यांना सांगावं लागलं, सोप्रानो म्हणजे बायकांतला सगळ्यात वरचा आवाज, खालचा तो आल्टो. मग त्यांनी मला नाव, पत्ता, काल काय जेवले ते बोलायला लावलं. ऐकत राहिल्या. म्हणाल्या, तुमचा आवाज तर खालचा आहे हो. तुम्हाला वर कुणी पाठवलं?

कॉनरॅड : घसा बघणाऱ्यांना गाण्यातलं काय कळतंय.

ॲन्टोनेट : त्या पंधरा वर्षं गाणं शिकल्यात.

कॉनरॅड : मग? काय सांगितलंस तू?

ॲन्टोनेट : खरं ते. कुणी पाठवलं नाही, ममीची जागा होती.

कॉनरॅड : हं. बघ, मी आताच ठरवून टाकतो सगळं. ऑपरेशन होऊ दे, मे महिना आराम कर. जूनपासून तुला आल्टोत घेतो. पहिले दोन महिने फक्त दोन गाणी, तीसुद्धा अर्ध्या आवाजात. मध्ये कोमट पाणी. खोकायचं नाही, खाकरायचं नाही. असं कितीतरी जणांना जागेवर आणलंय मी.

ॲन्टोनेट : मी माझ्यासाठी आलेली नाही.

कॉनरॅड : मग?

ॲन्टोनेट : एलिनाला गेल्या रविवारी काय सांगितलंत?

कॉनरॅड : तिला? काय सांगणार. ममी बरी होईपर्यंत तू ये, ग्रॅनीच्या जागेवर उभी राहा म्हटलं. पोर काय खूश झाली. आज अकराला येते म्हणाली.

ॲन्टोनेट : म्हणून मी साडेदहाला आले. तिचा आवाज तपासलात?

कॉनरॅड : अगं, जोआनची नात आहे ती.

ॲन्टोनेट : मी जोआनची मुलगी होते.

कॉनरॅड : नेटी, आपल्यात जागा घरातच राहते. आजची गोष्ट आहे का ही? त्या खांबाजवळ जोआन उभी राहायची, त्याच्या आधी तिची मावशी. पलीकडे पुरुषांत, वरच्या टेनरमध्ये, आल्विनचा बाप, मग तुझा नवरा आल्विन. लोक खालून वर न बघता सांगतात, कुणाच्या घरातला आवाज आला ते.

ॲन्टोनेट : आल्विनचंच घ्या. त्याचे डॅडी टेनर, म्हणून आमचं लग्न झालं तेव्हा तोही टेनर. चाळिशीत त्याचा आवाज जड व्हायला लागला. तुम्ही एका महिन्यात ओळखलंत आणि त्याला बेसमध्ये खाली आणलंत. तेव्हा कुठं गेली घरातली जागा?

कॉनरॅड : महिनाभर बोलला नव्हता माझ्याशी तुझा नवरा. जिन्यात दिसला की पाठ फिरवायचा.

ॲन्टोनेट : आज तुमचं नाव घेतो. अजून गातोय म्हणून. संघमित्रा बीडीडी चाळीतून ख्रिसमसपुरती यायची गायला. तिला वरची दोन गाणी दिलीत. तिसऱ्याला तुम्ही स्वतः उठून तिला हात धरून आल्टोत नेऊन उभं केलंत. म्हणालात, पाहुण्या पोरीचा घसा आपल्या हातून बिघडायला नको.

कॉनरॅड : बरोबर आहे ना मग? वर-खाली करायला हरकत नसते. एकाच जागी ताणून धरला की आवाज मरतो. ज्याचं वरचं दुखतंय त्याला खाली घे, दोन गाणी झाली की बदल, तरण्या पोराचा फुटतोय तर त्याला गप्प बसव. चाळीस वर्षं हेच केलं मी. आपल्या क्वायरमध्ये कुणाचा घसा गेला नाही.

ॲन्टोनेट : माझा गेला. दर सहा महिन्यांनी तुम्ही प्रत्येकाला बोलावता. खाली कुठवर जातो, वर कुठवर, कुठं खरखरतो, वहीत लिहिता. तुम्ही यायच्या आधी मी ती वही उघडली. कपाट उघडंच होतं. आल्विनची चार पानं आहेत. संघमित्राचं दीड. माझ्या पानावर एक तारीख, खाली लिहिलंय, सोप्रानो, जोआनच्या जागी. बाकी पान कोरं. एकोणीस वर्षं.

कॉनरॅड : तुला तपासायची कधी गरज वाटली नाही. तू पोचत होतीस.

ॲन्टोनेट : पोचत होते. सोमवारी आवाज बसलेला असायचा. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, तोंडात खडीसाखर. मुलं मला सोमवारची टीचर म्हणायची, त्या दिवशी मी फळ्यावर लिहूनच शिकवायचे.

कॉनरॅड : मला कधी बोलली नाहीस.

ॲन्टोनेट : नाही बोलले. थोडं दुखायचं, चालायचं. वाटायचं, ममीचंही दुखत असेल. आणि भीती होती. बोलले तर तुम्ही जागा काढून घ्याल. मेल्यावर माणसाचं काय राहतं हो? तिचे कपडे दिले, कपाट दिलं. ही दोन फूट फरशी राहिली होती. इथं उभं राहिलं की ती कुठं बघत होती ते मला दिसायचं.

कॉनरॅड : मग दोघांचीही चूक झाली, म्हणू.

ॲन्टोनेट : थांबा. माझी किती ते मला माहीत आहे. तुमची किती ते विचारायला आलेय. ममीला पुरलं त्या दिवशीचं आठवतंय तुम्हाला?

कॉनरॅड : विसरेन कसा. वर पाच जणच होतो. तू खाली पहिल्या बाकावर, डोळे सुजलेले. मी जिना उतरून आलो आणि म्हटलं, ये, ममीच्या जागेवर उभी राहा.

ॲन्टोनेट : खांबाच्या खिळ्याला तिची कापडी पिशवी तशीच अडकवलेली होती. आत चष्मा. मी गायले, कारण रडायला लागले असते तर थांबले नसते. त्या दिवसाचं मी काही म्हणत नाही. माणूस त्या दिवशी जे सुचेल ते करतो. पण नंतर? तुमचा कान साऱ्या परळ-नायगावात माहीत आहे. तुम्हाला आल्विनचं एका महिन्यात कळतं. माझं कळलं नाही? अंकल, मला जास्त बोलायला बंदी आहे. पुन्हा विचारायला लावू नका.

कॉनरॅड : कळलं होतं.

ॲन्टोनेट : कधी?

कॉनरॅड : एलिना तीन महिन्यांची होती. प्रॅक्टिस मध्येच सोडून तू तिला घेऊन जिन्यात बसलीस. ती किरकिर करत होती. मी तुला बोलवायला आलो आणि वरच्या पायरीवर थांबलो. तू तिला झोपवत होतीस. शब्दही नव्हते, नुसतं हं हं. इतका खाली होता तो आवाज, आणि इतका भरलेला. जिना घुमत होता. मला वाटलं, बाप रे, ही इथं होती आणि मी हिला कुठं उभं केलंय.

ॲन्टोनेट : मग?

कॉनरॅड : मग पोर झोपली. तू वर आलीस. मी तुला ईस्टरचं वरचं पान दिलं.

ॲन्टोनेट : पंधरा वर्षं झाली याला.

कॉनरॅड : त्या वर्षी दोन सोप्रानो वसईला राहायला गेल्या. म्हटलं, हा ईस्टर जाऊ दे, मग खाली घेऊ. पुढच्या वर्षी आणखी एक मीरा रोडला. चाळी रिकाम्या व्हायला लागल्या. प्रत्येक वर्षी काहीतरी होतं, नेटी. पण ते सोड, ते सगळं सांगायला ठीक आहे. खरं सांगू? बावीस वर्षं माझ्या उजव्या कानाशी जोआन गात होती. ती गेल्यावर तो कोपरा मुका झाला असता, तर मला वाजवणं जमलं नसतं. तिथून आवाज यायला हवा होता मला. कुणाच्या गळ्यातून येतोय, त्या गळ्याचं काय होतंय, ते मी बघितलं नाही. बघायचं टाळलं.

ॲन्टोनेट : मला ओरडायचंय तुमच्यावर. येत नाही ओरडता.

कॉनरॅड : ओरडू नको. घसा...

ॲन्टोनेट : घशाचं आता तुम्ही सांगू नका.

कॉनरॅड : नाही सांगत.

ॲन्टोनेट : फार राग आलाय मला. घरी जाऊन तो कुठं ठेवू तेही कळत नाही. आल्विनला सांगितलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघणार नाही.

कॉनरॅड : सांग त्याला. सांगायलाच हवं. पण माझं एक ऐक. तो जिन्यातला आवाज माझ्या कानात अजून आहे. तो तुझा आहे, वरचा गेला म्हणून तो जात नाही. जूनमध्ये ये. मी तुला तिथंच ठेवीन, एक सूर वर नेणार नाही. तेवढं तरी मला सरळ करू दे.

ॲन्टोनेट : तोच तपासला त्यांनी.

कॉनरॅड : काय?

ॲन्टोनेट : गुरुवारी. डॉक्टर म्हणाल्या, खालून सुरू करा, अगदी झोपवल्यासारखं. मी केलं. हवाच येते. मधूनच आवाज, मधूनच हवा. गाठी असल्या की दोन्ही तंतू नीट मिटत नाहीत म्हणे. मी विचारलं, ऑपरेशननंतर? म्हणाल्या, बोलण्यापुरता येईल. शाळा सुटणार नाही बहुतेक. गाण्याचं विचारू नका. डावीकडची फार वर्षं राहिली.

कॉनरॅड : आल्टोतही नाही?

ॲन्टोनेट : कुठंच नाही. पंधरा वर्षांपूर्वी खाली आणलं असतं, तर आज गात असते.

कॉनरॅड : अरे देवा. नेटी...

ॲन्टोनेट : माफी नंतर मागा. आता ती येईल. अकरा वाजले.

एलिना : सॉरी सॉरी सॉरी, अंकल. ट्यूशनवाल्या मिसनी टेस्ट घेतली ना मधेच. ममा? तू इथं काय करतेस? आणि तू बोलतेयस? व्हॉइस रेस्ट चाललाय ना तुझा? घरी मला पाटीवर लिहून ओरडतेस आणि इथं गप्पा मारतेस.

ॲन्टोनेट : झालं माझं बोलून.

एलिना : अंकल, मी एकदम रेडी आहे. घरी रोज केलंय. आलेलु...

कॉनरॅड : श्श्. ईस्टरआधीच्या उपासकाळात तो शब्द नाही म्हणायचा. ईस्टरला म्हणायचा. तोवर प्रॅक्टिससुद्धा नुसत्या 'ला'वर.

एलिना : ओके, ओके. 'ला'वर. मी जाऊ ग्रॅनीच्या जागेवर?

कॉनरॅड : नाही. इथं कीबोर्डजवळ ये. आधी बोल.

एलिना : काय बोलू?

कॉनरॅड : काहीही. आज ट्यूशनमध्ये काय झालं ते सांग.

एलिना : काय होणार, बीजगणित. मनालीला सगळं येत होतं आणि तिनं दाखवलं नाही. कसली मैत्रीण यार. मग मिस म्हणाल्या, पेपर वेळेवर द्या, आणि मी दिला अर्धा कोराच. बस? असलं का विचारताय?

कॉनरॅड : बोलताना आवाज कुठं बसतो ते ऐकायचं होतं. आता गा. खालून सुरू करू.

एलिना : खालून कशाला? मला वरचं करायचंय.

कॉनरॅड : खालून. माझ्या मागून ये. हां. आणखी एक खाली. आणखी. ठीक. आता वर चढू, घाई करू नको. खांदे सोड. हां. हां. एक वर. एक वर. आता हा. बस कर. थांब.

एलिना : लागला ना? लागला. तो ग्रॅनीचा वरचा सूर आहे ना? ममा, ऐकलंस?

ॲन्टोनेट : ऐकलं.

एलिना : म्हणजे मी सिलेक्टेड.

कॉनरॅड : दुखलं कुठं?

एलिना : कुठं काय? शेवटी थोडंसं. पण चालतं. काय झालं? दोघं असे काय बघताय? खरंच, एवढंसं दुखलं. मी रोज केलं की सवय होईल.

ॲन्टोनेट : अंकल.

कॉनरॅड : हो. ऐकलं मी. एलिना, बाय, तू पोचतेस. पण तुझा आवाज अजून वाढतोय. तो वरचा होईल की खालचा, ते मला आज सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. तू मधल्या रांगेत उभी राहा. मधलेच सूर गा. दर तीन महिन्यांनी मी तपासीन, वहीत लिहीन, आणि ममीला दाखवीन. जिथं दुखलं तिथं थांबायचं.

एलिना : पण तुम्ही बोलला होतात, ग्रॅनीची जागा. मी सगळ्यांना सांगितलंय. डॅडीनं स्टेटस ठेवलंय.

कॉनरॅड : मी चुकीचं बोललो. तेव्हा मी तुला ऐकलं नव्हतं.

एलिना : आणि ईस्टरला तो वरचा मग कोण म्हणणार? ममा नाही, मी नाही. दोन आंटी उरल्या, त्या तर त्या सुराला ओठच हलवतात. मला माहितेय, मी खालून बघते.

कॉनरॅड : कुणी नाही म्हणणार. पट्टी उतरवू. अख्खं गाणं दोन सूर खाली घेऊ, म्हणजे कुणालाच तेवढं वर चढावं लागणार नाही. बेसवाले कुरकुर करतील, करू दे.

ॲन्टोनेट : हे असं करता येतं?

कॉनरॅड : येतं.

ॲन्टोनेट : किती वेळ लागतो?

कॉनरॅड : नेटी...

ॲन्टोनेट : विचारतेय.

कॉनरॅड : बटण आहे. हे. दोनदा दाबलं की झालं.

ॲन्टोनेट : कधीपासून आहे हे बटण?

एलिना : कीबोर्ड आला तेव्हापासून असणार ना, ममा. मी पहिलीत होते. मीच फुलं दिली होती फादरना, फोटो आहे आपल्याकडे.

कॉनरॅड : बटणाच्या आधीही हातानं येत होतं. खोटं कशाला सांगू. दहा मिनिटं बसून लिहायचं फक्त. मी लिहिलं नाही. ती पट्टी जोआनची होती.

एलिना : काय चाललंय तुमचं? ममा, तू रडतेयस?

ॲन्टोनेट : नाही. डॉक्टरांनी रडायलाही मनाई केलीय. घसा भरतो.

कॉनरॅड : मी बसतो जरा. तुम्ही दोघी... एलिना, ते मधल्या रांगेचं पान घे. कपाटात, डावीकडे.

एलिना : घेते. पण मग ग्रॅनीच्या जागेवर कोण?

ॲन्टोनेट : कोणी नाही. तिथं खिळा आहे, त्याला तुझी ट्यूशनची पिशवी अडकव, आणि ये मधल्या रांगेत.